उष्ण प्रदेशातला सर्वांत थंड महिना : घरात शिरणारी थंडी आणि तिचा बंदोबस्त

धागाकर्ता : पडवी

नमस्कार. वर्षातले दहा महिने जिथे उकाड्याशी गाठ असते, तिथे थंडीची वेगळी तयारी सहसा कोणी करत नाही. उत्तर गोलार्धात बहुधा जानेवारी आणि दक्षिण गोलार्धात बहुधा जुलै हा सर्वांत गार महिना. तेवढे काही आठवडे काढले की झाले, असे म्हणून लोक स्वेटर चढवतात आणि दिवस ढकलतात. या विषयावर मुद्दाम लिहावेसे वाटले, कारण 'थोडेच दिवस तर आहेत' हा विचारच अशा प्रदेशातली थंडी अधिक त्रासदायक आणि काही माणसांच्या बाबतीत जीवघेणी करतो. थंड देशातला माणूस बाहेर गारठतो आणि घरात येऊन ऊब घेतो. उष्ण प्रदेशात नेमके उलटे घडते. दुपारी बाहेर ऊन हवेहवेसे वाटत असते आणि घरात पाऊल टाकताच फरशीचा गारवा तळपायांतून वर चढतो.

याचे कारण घराच्या बांधणीत आहे. उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले घर उष्णता बाहेर टाकण्यासाठीच घडवलेले असते. उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या, वरचे झरोके, दगडाची किंवा टाइलची जमीन, एकेरी काच आणि उष्णतारोधक थर नसलेल्या भिंती ही सगळी सोय उन्हाळ्यात वरदान ठरते आणि थंडीत अंगावर येते. जाड भिंती रात्रीचा गारवा साठवून घेतात आणि कित्येक तासांनी तो आत सोडतात, त्यामुळे दुपारी बाहेरचा पारा चांगला वर गेला तरी आतला तिथेच अडून राहतो. शिवाय शरीरातली उष्णता केवळ भोवतालच्या हवेत जात नाही; समोरच्या गार भिंतीकडे आणि काचेकडेही ती सतत प्रारित होत असते. खोलीतली हवा २० अंशांवर असली आणि भिंती १३ अंशांवर असल्या, तर अंगाला जाणवणारे तापमान साधारण त्या दोहोंच्या मधले, म्हणजे १६-१७ अंशांचे असते. हवा तापवूनही थंडी वाजते ती यामुळे. पलंग किंवा बसायची खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढली आणि खिडकीला जाड पडदा लावला, तर एक पैसाही खर्च न होता फरक पडतो. जमिनीचेही तेच आहे. लाकडापेक्षा दगडातून उष्णता पंधरा-वीसपट वेगाने वाहते, म्हणून जिथे माणूस जास्त वेळ उभा राहतो किंवा बसतो तिथे, म्हणजे ओट्यापुढे, लिहायच्या मेजाखाली आणि पलंगाशेजारी, जाड सतरंजी किंवा गालिचा असावाच.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या खिडक्यांतून ऊन अशा वेळी खोलीत खोलवर येते, आणि उन्हाळ्यात सावली देणारे छज्जे त्याला अडवत नाहीत. उन्हाळ्यात पडदे ओढून ठेवण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की थंडीतही ते दिवसभर तसेच राहतात. सकाळी ऊन आले की त्या बाजूचे पडदे पूर्ण सारावेत, बाहेरची हवा आतल्यापेक्षा उबदार झाली की भर दुपारी खिडक्या उघडाव्यात, आणि ऊन कलायला लागताच, संध्याकाळ होण्याची वाट न पाहता, खिडक्या आणि पडदे दोन्ही बंद करावेत. बहुतेक घरांत खिडक्या दिवे लागल्यावर बंद होतात. तोवर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते.

'एवढ्याशा थंडीने काय होणार' असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन अभ्यासांचा उल्लेख करतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९७ साली युरोपातल्या थंड आणि उबदार प्रदेशांची तुलना प्रसिद्ध झाली. बाहेरचे तापमान १८ अंशांच्या खाली एकेका अंशाने उतरत गेले, तसे मृत्यूंचे प्रमाण अथेन्समध्ये अंशामागे २.१५ टक्क्यांनी वाढले, तर दक्षिण फिनलंडमध्ये केवळ ०.२७ टक्क्यांनी. बाहेर ७ अंश असताना फिनलंडमधल्या बैठकीच्या खोल्या सरासरी २१.७ अंशांवर होत्या आणि अथेन्समधल्या १९.२ अंशांवर, तेवढ्याच थंडीत बाहेर पडताना फिनलंडमध्ये ७२ टक्के लोक डोक्यावर टोपी घालत होते, अथेन्समध्ये १३ टक्के. म्हणजे प्रश्न केवळ पाऱ्याचा नाही, तयारीचा आहे. त्याच नियतकालिकातल्या २०१५ सालच्या अभ्यासात १३ देशांतल्या ३८४ ठिकाणांची आकडेवारी तपासली गेली, आणि एकूण मृत्यूंपैकी ७.२९ टक्के थंडीशी, तर ०.४२ टक्के उष्णतेशी जोडता आले. त्यातही कडाक्याच्या लाटेपेक्षा रोजच्या मध्यम थंडीचा वाटा कितीतरी मोठा होता.

माझ्या मते क्रम असा असावा : आधी अंग, मग अंथरूण, मग माणूस बसतो ती एक खोली, आणि सगळे घर तापवण्याचा विचार सर्वांत शेवटी, किंवा नाहीच. अंथरुणाबद्दल एकच सांगतो, कारण नेमके तेच राहून जाते. लोक वरून पांघरुणे वाढवत जातात आणि खालची पातळ गादी तशीच ठेवतात. अंगाखाली दबलेल्या कापडात हवा उरत नाही, म्हणून खालून ऊब झपाट्याने जाते. दोन पांघरुणे असतील तर त्यातले जाड गादीवर अंथरावे आणि मग वरच्याचा विचार करावा. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे.

आपापले अनुभव आणि शंका जरूर लिहाव्यात.

प्रतिसाद : तावदान

फार उपयुक्त धागा. मी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, म्हणून फटींबद्दल थोडी भर घालतो. उष्ण प्रदेशात सरकत्या खिडक्या, दाराखालची बोटभर फट आणि स्नानघरातला कायम उघडा झरोका यांकडे कोणी दोष म्हणून पाहत नाही, पण थंडीत घरातली निम्मी लढाई तिथेच हरली जाते. रात्री वारा असताना पातळ कागदाची एक पट्टी दोन बोटांत धरून खिडकीच्या चौकटीभोवती सावकाश फिरवावी. पट्टी जिथे थरथरते तिथे हवा आत येते आहे. सरकत्या खिडकीत ही जागा बहुधा दोन झडपा जिथे एकमेकींवर येतात तिथे आणि खालच्या खाचेच्या टोकांना सापडते. तिथे ब्रशसारखी किंवा फोमची चिकटपट्टी लावावी, आणि दाराखाली कापडाची लांब गुंडाळी सरकवून ठेवावी. मात्र ज्या खोलीत गॅस किंवा कोणतेही इंधन जळते, तिथला झरोका कधीही बुजवू नये. हे वाक्य मी ग्राहकांना दोनदा सांगतो.

हीटर घेताना 'कोणता कमी वीज खातो' असे विचारले जाते. तार तापवून चालणाऱ्या सगळ्या हीटरांत एका युनिट विजेपासून मिळणारी उष्णता सारखीच असते. फरक असतो तो ती कशी पोहोचते यात. समोर लालबुंद होणारा हीटर माणसाला थेट शेकतो, म्हणून उंच छताच्या खोलीत एका जागी बसणाऱ्यासाठी तो बरा. तेलाचा हीटर हवा हळूहळू तापवतो, म्हणून तो लहान, बंद खोलीसाठी योग्य. उंच खोलीत पंख्याचा हीटर लावला तर गरम हवा छताशी जाऊन बसते आणि पाय गारच राहतात. गरम-थंड दोन्ही करणारा एसी असेल तर तो वापरावा, कारण तो उष्णता निर्माण न करता बाहेरून आत आणतो आणि एका युनिटमध्ये साधारण तिप्पट ऊब देतो. बरेच लोक असा एसी घरात असूनही तो केवळ उन्हाळ्याचा समजतात.

विजेच्या भाराकडे लक्ष असावे. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. असा हीटर एक्स्टेंशन बोर्डावर किंवा मोबाईल चार्ज करायच्या लहान सॉकेटवर तासन्तास चालवू नये. प्लग हाताला गरम लागला तर तो ताबडतोब बंद करावा. पडदा, गादी आणि वाळत घातलेले कपडे हीटरपासून किमान एक मीटर दूर असावेत, आणि झोपताना हीटर बंद असावा.

प्रतिसाद : सायंतारा

माझी आई ऐंशीच्या घरातली आहे. तिला विचारले तर 'मला थंडी वाजत नाही' असे म्हणते आणि स्वेटर काढून ठेवते. तिच्या खोलीत शिरल्यावर मला मात्र हुडहुडी भरते. तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावा की बळेच गरम कपडे घालावेत? आणि खोलीचे तापमान नेमके किती असावे?

प्रतिसाद : शुश्रूषा

सायंतारा, वृद्धांच्या शुश्रूषेत बरीच वर्षे गेल्यामुळे तुमची काळजी चांगली समजते. आई खोटे बोलत नाहीत. वयाबरोबर थंडीची जाणीवच बोथट होते, अंगावरचा शहाराही उशिरा येतो, आणि थंडीत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसून ऊब राखण्याची क्षमता कमी होते. म्हणून त्यांच्या जाणिवेवर किंवा आपल्या हुडहुडीवर विसंबून न राहता खोलीत एक साधा तापमापक लावावा, तोही पलंगाच्या उंचीवर, ऊन किंवा हीटरची झळ लागणार नाही अशा जागी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांबाबत दिलेल्या मार्गदर्शनात थंडीच्या काळात घरातले तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व आजारी माणसे यांच्यासाठी ते त्याहून जास्त लागू शकते. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ घरांत पहाटे हा आकडा सहज मोडतो.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया म्हणतात, आणि वृद्ध माणसाला तो बर्फात न जाता, स्वतःच्या पलंगावरही होऊ शकतो. बोलणे जड होणे, चालताना झोकांड्या जाणे, वेळ-काळ न कळणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी असणे आणि पोटाला हात लावल्यावर तेही गार लागणे ही लक्षणे दिसली तर त्याला म्हातारपणाचा विसराळूपणा समजू नये. कुडकुडणे थांबले म्हणजे माणूस सावरला असेही नाही. पुष्कळदा ते प्रकृती बिघडत चालल्याचे चिन्ह असते. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडी पांघरुणे लपेटावीत, छाती-पोटाकडून हळूहळू ऊब द्यावी आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. हातपाय चोळू नयेत. 'अंगात गरमी येईल' म्हणून मद्य तर मुळीच देऊ नये, कारण त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता आणखी वेगाने निघून जाते.

थंडीत रक्तवाहिन्या आकसल्याने रक्तदाबही वाढतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी या महिन्यात घरी मोजमाप थोडे जास्त वेळा करावे, आकडे लिहून ठेवावेत आणि ते डॉक्टरांना दाखवावेत. गोळीचे प्रमाण आपल्या मनाने बदलू नये. पहाटे अंथरुणातून एकदम उठून गार फरशीवर जाण्यापेक्षा दोन मिनिटे कडेला बसावे, पायमोजे आणि चपला तिथेच चढवाव्यात, मग उभे राहावे. आंघोळही उन्हे वर आल्यावर केली तर बिघडत नाही.

गरम पाण्याच्या पिशवीबद्दल सांगायलाच हवे. तिच्यात उकळते पाणी भरू नये, ती फडक्यात गुंडाळावी, आणि शक्यतो अंथरूण आधी तापवून माणूस आडवा होण्यापूर्वी काढून घ्यावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या माणसाला भाजलेले कळतच नाही. अशा जखमा मी पाहिल्या आहेत आणि त्या भरायला फार वेळ लागतो.

प्रतिसाद : मोकळी हवा

मतभेद नोंदवतो. शरीराला थोडी थंडी सोसू दिली तर ते सरावते, असे माझे मत आहे. जरा पारा उतरला की दारे-खिडक्या लावून हीटरपुढे बसल्याने माणूस नाजूक होतो आणि कोंदट हवेत सर्दी-खोकला एकमेकांना लवकर लागतो. निरोगी माणसाने सकाळी चालावे, काम करावे. ऊब आपोआप येते.

प्रतिसाद : पडवी (धागाकर्ता)

निरोगी आणि तरुण माणसापुरते तुमचे म्हणणे मला मान्य आहे. काही दिवस थंडीत वावरल्यावर कुडकुडणे कमी होते आणि गारवा तितकासा झोंबत नाही, हे खरेच आहे. परंतु थंडी कमी जाणवणे आणि शरीरावरचा ताण कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरावायला जेवढे दिवस लागतात तेवढ्यात उष्ण प्रदेशातली थंडी बहुतेक संपत आलेली असते. घरात जो सर्वांत अशक्त आहे त्याला धरून घराची व्यवस्था ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. निरोगी माणूस अंगावरचा एक थर कमी करू शकतो. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून खिडकी लावू शकत नाही.

कोंदट हवेबद्दलचा मुद्दा मात्र अगदी योग्य. त्याला उपाय म्हणजे रात्रभर फट ठेवणे नव्हे, तर दिवसातून दोन-तीन वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडणे. तेवढ्यात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही.

प्रतिसाद : ओलावा

त्याच अनुषंगाने एक शंका. आमच्याकडे थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून दोऱ्या घरात बांधतो. खिडक्या बंद ठेवायला लागल्यापासून कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आले आहेत. खिडक्या उघडल्या तर थंडी, न उघडल्या तर बुरशी. मार्ग काय?

प्रतिसाद : तावदान

ओलावा, ही बुरशी त्या कपड्यांच्याच पाण्यावर वाढते आहे. गार हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी असते : २० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावते, १० अंशांची केवळ ९ ग्रॅमच्या आसपास. खोलीतली दमट हवा कपाटामागच्या गार भिंतीला टेकली की जास्तीचे बाष्प तिथे पाणी होऊन बसते. याच हिशेबाने बाहेरची गार हवा आत घेऊन ती थोडी तापली की ती कोरडी ठरते, म्हणून थंडीत खिडकी उघडल्याने घर दमट होईल ही भीती बहुतेक वेळा निराधार असते; बाहेर धुके नसले म्हणजे झाले. कपडे एकाच खोलीत वाळवावेत, तिचे आतले दार लावून खिडकी उघडी ठेवावी आणि पंखा चालू ठेवावा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. ठिपके कोरडे झाडू नयेत, कारण त्यांची भुकटी श्वासात जाते. नाक-तोंड झाकून ओल्या फडक्याने पुसावेत. खोलीत दम्याचा रुग्ण असेल तर भिंत साफ होईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत झोपवावे.

प्रतिसाद : निखारा

आम्ही कोळशाची शेगडी वापरतो. धूर पूर्ण निघून जाईपर्यंत ती अंगणात ठेवतो आणि निखारे लाल झाले की खोलीत आणतो. धूर नसल्यामुळे त्रास होत नाही आणि रात्रभर खोली छान उबदार राहते. विजेचा खर्चही वाचतो.

प्रतिसाद : शुश्रूषा

निखारा, कृपा करून हे आज रात्रीपासून थांबवा. धूर गेला म्हणजे धोका गेला असे नाही. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू सतत निघत असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे ही पहिली लक्षणे. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत आणि तो जागाच होत नाही. सकाळी उठल्यावर घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर तो योगायोग समजू नये. शेगडीशेजारी पाण्याचे भांडे ठेवल्याने किंवा खिडकीला बोटभर फट ठेवल्याने हा धोका टळत नाही. ऊब घ्यायची असेल तर शेगडी उघड्यावर ठेवावी, भोवती बसावे आणि झोपायला आत जाताना ती बाहेरच पूर्ण विझवावी.

प्रतिसाद : पडवी (धागाकर्ता)

शुश्रूषा यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये, जिथे एरवी उन्हाळ्याचीच चिंता असते, कडाक्याची थंडी पडून लाखो घरांची वीज गेली. सरकारी नोंदीप्रमाणे २४६ माणसे दगावली. बहुतेक जण गारठून गेले, परंतु ऊब मिळवण्यासाठी घरात कोळसा पेटवल्याने किंवा जनरेटर आणि गाडी बंदिस्त जागेत चालू ठेवल्याने विषबाधा झालेलेही त्यात होते. वीज गेली तर सगळ्यांनी एकाच लहान खोलीत एकत्र यावे, बाकीची दारे लावून घ्यावीत, आणि आगीपेक्षा पांघरुणांवर व एकमेकांच्या उबेवर भिस्त ठेवावी. स्नानघरात गॅसचा गिझर बसवलेला असेल तर तोही बाहेरच्या मोकळ्या जागेत हलवून घ्यावा.

प्रतिसाद : बाळपावले

तान्ह्या बाळासाठी काय करावे? आम्ही टोपी, मोजे आणि दोन पांघरुणे घालून झोपवतो. तरी त्याचे हात गारच लागतात.

प्रतिसाद : शुश्रूषा

बाळाचे हातपाय थोडे गार असणे स्वाभाविक आहे. त्याला पुरेशी ऊब आहे का हे मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले आहेत. एक वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात सुटी पांघरुणे आणि उशी ठेवू नये, कारण ती तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. त्याऐवजी अंगाला बसणारे थर घालावेत किंवा बाळासाठी मिळणारी झोपण्याची पिशवी वापरावी, आणि त्याला पाठीवर झोपवावे. घरात झोपताना टोपी काढावी. बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकते.

प्रतिसाद : दुपारचे ऊन

या महिन्यात माझ्या पायाच्या बोटांवर लाल-जांभळ्या गाठी येतात आणि रात्री अंथरुणात शिरल्यावर त्यांना असह्य खाज सुटते. इथे कधी पाणी गोठत नाही, मग हा हिमदंश कसा?

प्रतिसाद : शुश्रूषा

वर्णनावरून हा हिमदंश वाटत नाही. इंग्रजीत ज्याला चिलब्लेन म्हणतात तो विकार असावा, आणि तो होण्यासाठी पारा गोठणबिंदूखाली जावा लागत नाही. न तापवलेल्या घरांतल्या दमट गारव्यात तो चांगलाच आढळतो. गार पडलेली बोटे एकदम तापवली की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना तो बदल झेपत नाही, आजूबाजूला सूज येते आणि खाज सुटते. म्हणून गारठलेले पाय हीटरपुढे किंवा गरम पाण्याच्या बादलीत घालू नयेत. कोरडे करून, मोजे घालून सावकाश गरम होऊ द्यावेत. मोजे सैल असावेत. दोन घट्ट मोजे एकावर एक चढवले तर रक्तपुरवठा अडतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. बाहेरून आल्यावर ओलसर मोजे लगेच बदलावेत आणि गाठी खाजवू नयेत. धूम्रपान करत असाल तर तेही या रक्तवाहिन्यांना आकसवते. फोड आले, जखम झाली किंवा दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी.